पन्नास जोडी पाय

शेवटच्या वर्षाच्या परीक्षेला बसायचं, तर समोर पाहून काढलेली पन्नास माणसांची रेखाटनं दाखवायची, असा आमच्या कला महाविद्यालयाचा नियम. माझं लग्न ऐन सुट्टीत झालं. सुट्टी संपताच मी वही प्राचार्य बिवलकर सरांपुढे ठेवली.

त्यांनी पानं उलटली. "हे काय? पन्नास पानांवर नुसते पाय?"

"सर, नवी सून दिवसभर वाकून नमस्कार करते. तिला माणसं तेवढीच दिसतात."

"पायांवरून कधी माणूस ओळखू येतो का? चेहरे काढून आण, नाहीतर बस पुढच्या वर्षी!"

मी मान खाली घातली; आता सवयच झाली होती. टेबलाखाली पाहत दोन मिनिटांत एक पान रेखाटलं आणि चहा घेऊन आलेल्या शिपाई गोविंदकाकांना दाखवलं. "काका, हे कोण?"

"अहो ताई, हे तर आपले साहेब! बूट काढलेत, मोज्यातून अंगठा बाहेर..." म्हणता म्हणता काकांनी जीभ चावली.

सरांनी पाय खुर्चीखाली ओढले आणि वहीवर सही केली. एक्कावन्नावं पान मात्र त्यांनी स्वतःकडे ठेवून घेतलं.