वाकडा पट आणि डब्यावरचा हत्ती

दोष वस्तादांचा होता. सगुणाचा नव्हता. ऐलगावातले चार म्हातारे आजही पारावर बसून याच्या उलट सांगतात, म्हणून हे आधीच सांगितलेलं बरं.

फार पूर्वी एका नदीच्या दोन काठांवर दोन गावं होती, ऐलगाव आणि पैलगाव. नदीवर पूल नव्हता आणि दोन्ही गावांत मिळून नाव एकच. ती कुणाच्या काठाला बांधायची, यावरून डोकी फुटायची. मग कुणीतरी रीत घालून दिली, की दरवर्षी बुद्धिबळाचा एक डाव मांडायचा. जो जिंकेल त्याच्या काठाला वर्षभर नाव. जो हरेल त्याने पलीकडे तोंड करून हाका मारायच्या आणि समोरच्यांची जेवणं आणि झोपा उरकेपर्यंत उन्हात उभं राहायचं. नाव ज्याच्याकडे, पट त्याचा आणि डावही त्याच्याच पारावर.

ऐलगावच्या वडाला नाव इतकी वर्षं बांधलेली होती, की दोराने बुंध्यात खाच पडली होती. गाव याचं सगळं श्रेय वस्तादांना देई. वस्ताद म्हणजे गावातले बुद्धिबळाचे गुरू. पिळदार पांढऱ्या मिशा, घोगरा मोठा आवाज आणि गालात कायम पान.

ऐलगावचा पट जाड मेणकापडाचा होता, लाल-काळ्या घरांचा. वर्षभर तो बांबूच्या नळकांड्यात गुंडाळून खुंटीला टांगलेला असायचा. त्यामुळे अंथरला की लगेच परत गुंडाळून घ्यायला बघायचा. मध्ये फुगवटा, कडा उचललेल्या, आणि एक कोपरा तर कुत्र्याच्या कानासारखा ताठ उभा. त्या कोपऱ्यातला हत्ती सारखा आडवा पडायचा.

तरुणपणी कधीतरी वस्तादांनी त्या कोपऱ्यावर आपला पितळेचा पानाचा डबा ठेवला. कोपरा दबला, पण तिथलं घर डब्याखाली गेलं. आता हत्ती ठेवायचा कुठे? वस्तादांनी तो डब्यावरच ठेवला. बरं, डब्यावरचा हत्ती चालणार कसा? वस्ताद म्हणाले, "तो पहारेकरी आहे. पहारेकरी जागा सोडत नाही."

म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. मान डोलवायला नुसती मान लागते. झाली रीत.

आणि या रितीत एक गोम होती. पट नेहमी वस्तादच अंथरायचे, आणि डब्याचा कोपरा नेहमी समोरच्याच्या बाजूला यायचा. म्हणजे वस्तादांशी खेळणारा प्रत्येक जण एक हत्ती गमावूनच डावाला बसायचा.

सगुणा ही वस्तादांची सगळ्यांत तयार शिष्या. गावात तिला हरवणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं. वस्तादांसमोर मात्र ती रोज हरायची, रोज त्याच डब्याच्या बाजूला बसून. एक दिवस तिने विचारलं, "वस्ताद, आज बाजू बदलू या का?"

"का गं? तिकडे मुंग्या चावतात?"

"मुंग्या नाहीत. डबा आहे. माझा एक हत्ती कायम बांधलेला."

"डब्याने काही फरक पडत नाही, पोरी. खेळता येत नाही त्यालाच कोपरा नडतो."

"मग पट तरी सपाट करू. ऊन दाखवलं आणि वजनाखाली ठेवला की झालं."

वस्तादांनी पिंक टाकली. "तुझ्या आज्याच्या आधीपासून पट असाच आहे. आज पट सपाट करशील, उद्या म्हणशील नदी सरळ करा."

पारावरची सगळी मंडळी खो खो हसली. सगुणा हसली नाही. तिला दिसत होतं, की पैलगावची माणसं आता डावाला चिडून येतात. कधीतरी कुणीतरी तो डबा उचलून नदीत फेकेल आणि पुन्हा डोकी फुटतील. तिला नाव ऐलगावलाच राहायला हवी होती, पण सरळ जिंकून.

सामन्याआधी पट पुसून ठेवायचं काम दरवर्षी तिचंच असायचं. या वर्षी तिने तो नदीकाठच्या कातळावर पालथा अंथरला. कातळ उन्हाने तापला होता. ती दर थोड्या वेळाने तळहात टेकवून बघायची. कापड मऊ पडायला हवं, पण मेण पाघळायला नको. एकदा मेणाचा वास आला. तिने झटकन पट सावलीत ओढला. रंग शाबूत होता.

मग तिने तो उलटा गुंडाळला, घरं बाहेर येतील असा, मुसळाभोवती सैलसर. चिंध्यांनी बांधला. संध्याकाळी सोडला, दोन घोंगड्यांमध्ये घातला, वर दाराची फळी टाकली आणि फळीवर ज्वारीची पोती रचली. आई म्हणाली, "अगं, दार कुठे गेलं आपलं?" सगुणा म्हणाली, "दार पटावर आहे. कुत्रं आलं तर हाकल."

सकाळी तिने पोती ओढली, फळी काढली, घोंगडी उचलली. पट जमिनीला असा चिकटून बसला होता, जसं ताटलीतलं पाणी. तो कुत्र्याचा कानसुद्धा निजला होता. तिने कोपऱ्यात हत्ती ठेवला. हत्ती उभा राहिला. तिने फुंकर मारली. तरी उभा राहिला. सगुणा अंगणातच नाचायला लागली.

सामन्याच्या दिवशी पाराभोवती दोन्ही गावं लोटली. हलगी कडकडत होती, वडाच्या फांद्याफांद्यांवर माणसं लटकली होती. या वर्षी पैलगावकडून त्यांची पाटलीण खेळायला आली होती. कपाळावर मोठं कुंकू, पदर खोचलेला, नजर धारदार.

वस्तादांनी नळकांडं उघडलं. ते रिकामं होतं. सगुणा घोंगडीवर पसरलेला पट दोन्ही हातांवर तोलत घेऊन आली आणि पारावर ठेवला. हलगी थांबली.

"हे कुणी केलं?" वस्ताद म्हणाले.

"मी. आता डबा नको, वस्ताद. दोघांचेही दोन दोन हत्ती चालतील. तुम्ही तसेही जिंकाल."

ती मनापासून बोलली होती. वस्तादांचा खेळ खरोखर चांगला होता. त्यांनी डबा खाली ठेवला असता, तर ही गोष्ट इथेच संपली असती आणि गोडही लागली असती.

पण मागून एक म्हातारा पुटपुटला, "पोरीने रीत मोडली." दुसरा म्हणाला, "वस्ताद, आज ऐकलंत तर उद्या मिशा काढायला लावेल." वस्तादांचा चेहरा तांबडा झाला. त्यांनी पितळी डबा उचलला आणि सपाट पटाच्या कोपऱ्यावर आपटला.

"माझ्या हयातीत डबा हलणार नाही. पहारेकरी डब्यावरच उभा राहील."

सगुणा वाकून हळूच म्हणाली, "वस्ताद, उचला तो. कोपरा आता वर येत नाहीये. कारणच उरलं नाही."

"तू गप बस."

पाटलीण शांतपणे म्हणाली, "वस्ताद, डब्याने काही फरक पडतो का?"

"अजिबात नाही. सगळ्या गावाला विचारा."

"मग राहू द्या डबा. माझी काही हरकत नाही." तिने पटाच्या दोन कडा धरल्या आणि तो अलगद फिरवला. डबा गरकन वळला आणि वस्तादांच्या मांडीपाशी येऊन थांबला. "कोपरा तेवढा तुमच्याकडे. फरक पडत नाही ना?"

वस्तादांनी म्हाताऱ्यांकडे पाहिलं. नेहमी डोलणाऱ्या माना आज जागच्या जागी होत्या. नाही म्हणावं तर इतक्या वर्षांच्या जिंकण्यावर पाणी. हो म्हणावं तर कोपरा गळ्यात. वस्ताद म्हणाले, "मांडा."

आणि काय डाव झाला तो. वस्तादांनी घोडे उधळले, उंट तिरके घुसवले, पाटलीणबाईंचा वजीर मारला. फांद्यांवरून ऐलगाव ओरडत होतं. पाटलीणबाईंनी त्यांचा चालता हत्ती मारला, पैलगाव ओरडलं. सगुणा नखं खात उभी होती. वस्ताद खरंच जिंकत होते. आणखी एक चाल मिळाली असती तर मात होती.

ती चाल मिळाली नाही. पाटलीणबाईंचा हत्ती सरळ खाली उतरला आणि वस्तादांच्या राजाच्या रांगेत जाऊन बसला. शह. राजासमोर स्वतःचीच प्यादी, एका अंगाला स्वतःचाच वजीर. पळायला जागा नाही. पण त्याच रांगेत, कोपऱ्यात, डब्यावर वस्तादांचा दुसरा हत्ती उभा होता. त्याच्या आणि शत्रूच्या मध्ये एकही सोंगटी नव्हती. उचलायचा आणि मारायचा.

वस्तादांचा हात आपोआप डब्याकडे गेला.

"पहारेकरी जागा सोडत नाही ना, वस्ताद?" पाटलीण म्हणाली.

हात हवेत थांबला. मग त्या हाताने राजा आडवा केला.

त्याच दुपारी पैलगावकरांनी वडाचा दोर सोडला आणि नाव वाजत गाजत नेली. म्हातारे म्हणाले, सगुणाने पट सपाट केला म्हणून नाव गेली. सगुणाने पारावरून पट उचलला, घरी नेऊन फळीवर अंथरला आणि दोन्ही हत्ती कोपऱ्यांत उभे केले. पुढच्या वर्षी पैलगावच्या पारावर ती बसणार होती.

तात्पर्य: वाकडा पट ऊन आणि वजन लावलं की सपाट होतो. त्या वाकडेपणाला रीत म्हणून जपणाऱ्या थोरांवर मात्र ऊन-वजन काही चालत नाही. त्यांना एकदा आपल्याच डब्याच्या बाजूला बसावं लागतं.

विड्याची पानं पैलगावच्याच मळ्यात पिकतात. नावेसाठी हाक मारायला वस्ताद तयार नाहीत. त्यांचा डबा रिकामा आहे.