पहिला घाव

हौसाबाई शेडग्यांनी घरावरचे अ‍ॅस्बेस्टॉसचे जुने पत्रे न फोडता उतरवले, पाणी मारून भिजवले आणि जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवले. त्यांच्या नवऱ्यानं कारखान्यात तीस वर्षं असलेच पत्रे कापले होते आणि शेवटची दोन वर्षं श्वासासाठी तळमळत काढली होती. असला कचरा नेण्याचा परवाना असलेली गाडी पंचायतीनं मागवावी, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

ग्रामसभेत सरपंच दौलतराव हसले. "काकू, पत्र्यांना कफन कसलं गुंडाळता? फोडून अंगणवाडीपुढच्या खड्ड्यांत भरू. धुळीनं कुणी मरत नाही."

सभेनं माना डोलावल्या. हौसाबाईंनी वाद घातला नाही. "मग पहिला घाव तुमच्या हातचा," एवढंच त्या म्हणाल्या. गावात कुठल्याही कामाचा पहिला घाव सरपंचाचा, ही जुनी रीत. दौलतरावांना नाही म्हणता येईना.

सकाळी अंगणवाडीपुढे गाव जमलं. हौसाबाईंनी एका पत्र्यावरचं प्लास्टिक सोडलं, शेजारी हळदकुंकवाचं ताट ठेवलं. दौलतरावांनी नारळ फोडला. मग एका हातानं हातोडा उचलला आणि दुसऱ्या हातानं खिशातला रुमाल काढून नाकावर घट्ट धरला.

हौसाबाई शांतपणे म्हणाल्या, "सरपंच, अंगणवाडीत एकतीस पोरं आहेत. त्यांचे रुमाल आणलेत का?"

दारात उभ्या असलेल्या आयांनी पोरांना जवळ ओढलं. दौलतरावांनी हातोडा खाली ठेवला.

त्या दिवशी फुटला तो फक्त नारळ.