उगी म्हणताच उधळणारी भिंगरी

पूर्वी गोदावरीकाठच्या अश्मक देशात अंशुमान राजाचे राज्य होते. राजा तसा वाईट नव्हता, पण त्याला शिकारीचे वेड भारी. त्या काळी बोधिसत्त्व पोतन नगरातल्या कुंभारआळीत जन्माला आला होता. लोक त्याला सोमिल म्हणत. त्याची मडकी खणखणीत वाजत, तो स्वतः मात्र फारसा वाजत नसे. बोलायचे काम त्याची पत्नी उत्पला दोघांच्याही वाटचे करीत असे.

उत्पलेची आळीत एका गोष्टीसाठी ख्याती होती. कुणाचे मूल रडून लालबुंद झाले, की आई ते उचलून तिच्या अंगणात आणी. उत्पला त्याला मांडीवर घेई, पाठीवर तळहात ठेवी आणि हळू आवाजात म्हणे, "उगी, उगी." बघता बघता मूल झोपी जाई. आळीतली निम्मी माणसे तिच्या मांडीवर झोपून मोठी झाली होती, आणि हे ती कुणाला विसरू देत नसे.

एकदा सोमिल गाढवावर माती लादून नदीकडून परत येत होता. वाटेत राजाच्या शिकारी कुत्र्यांचा नायक दंडक एका सडसडीत, तांबूस कुत्रीला दावे लावून ओढत नेताना दिसला. कुत्रीने चारही पाय मातीत रोवले होते.

"कुठे नेता हिला, नायक?" सोमिलने विचारले.

"नदीपलीकडे. परत आणायची नाही," दंडक म्हणाला. "पळते अशी, की डोळ्यांना दिसत नाही. पण ढोल वाजला की सावज सोडून आमच्याच अंगावर येते. असली काय कामाची?"

"मग मला द्या."

दंडकने त्याला नखशिखान्त न्याहाळले, मग गाढवाकडे पाहिले, आणि हसला. "घेऊन जा. पण ऐकून ठेव, कुंभारा. ही कुणाला चावली असं कानावर आलं तर मी येऊन नेईन. तेव्हा मध्ये पडायचं नाही."

सोमिलने कबूल केले. घाबरलेली कुत्री आणि कच्च्या मडक्यांनी भरलेले अंगण या दोन गोष्टी एकत्र आणण्याआधी एखाद्या शहाण्या माणसाने थोडा विचार केला असता. बोधिसत्त्वाने केला नाही. कुत्रीचे डोळे त्याने पाहिले होते, तेवढे त्याला पुरले.

घरी येताच ती अंगणभर गरगर फिरू लागली. उत्पला कमरेवर हात ठेवून बघत राहिली आणि म्हणाली, "अहो, ही कुत्री आहे की भिंगरी?" तेच तिचे नाव पडले.

भिंगरीला एका जागी बसणे ठाऊकच नव्हते. पानांची सळसळ झाली की ती भिंतीला चिकटे. सोमिल लाकडी थापटीने ओले मडके ठोकू लागला की त्या धपधप आवाजाने ती चाकाखाली शिरे आणि चाकासकट सारे उलटे करी. बांधून ठेवावी, तर गळ्याला जखम होईपर्यंत दावे ओढी. शेजारचे म्हातारे भद्रिक आजोबा रोज कुंपणावरून डोकावून विचारत, "आज किती वाचली?" ते मडक्यांबद्दल विचारत असत.

उत्पलेला मात्र हसू येत नव्हते. तिचा भिंगरीवर जीव जडला होता. भिंगरी थरथरू लागली की ती हातातले काम टाकून धावे, तिच्या पाठीवर तळहात ठेवी आणि साऱ्या मायेने म्हणे, "उगी, उगी." आणि नेमकी त्याच क्षणी भिंगरी ताठ होई, कान मागे पाडी आणि उसळी मारून फळीवरच्या मडक्यांतून पार निघून जाई.

"सगळ्या जगाची लेकरं माझ्या हाताखाली निजली," उत्पला एकदा डोळे पुसत म्हणाली, "आणि हिला माझा हातच नको होतो. माझं काय चुकतं हो?"

सोमिल म्हणाला, "मलाही कळत नाही. आपण बघत राहू."

मग एके सकाळी राजाची स्वारी शिकारीला निघाली. सावज उठवणारे हाकारे ढोल बडवत आळीजवळून गेले. भिंगरी दिसेल त्या कोनाड्यात घुसू पाहत होती. उत्पलेने तिला पोटाशी धरले आणि पाठीवर हात ठेवून म्हणाली, "उगी, बाई, उगी." भिंगरीने तिच्या मनगटाचा कडकडून चावा घेतला. लगेच सोडले, आणि स्वतःच किंचाळत दूर जाऊन पडली.

उत्पलेने बांगड्या खाली ओढून जखम झाकली. पण आळीत काही झाकून राहत नाही. दुसऱ्याच दिवशी दंडक दावे घेऊन दारात उभा राहिला.

"बोललो होतो ना?" तो म्हणाला. तो रागात नव्हता. त्याच्या दृष्टीने हे रोजचे काम होते. तो भिंगरीजवळ उकिडवा बसला, तिच्या पाठीवर तळहात ठेवला आणि हळू, मऊ आवाजात म्हणाला, "उगी, उगी."

भिंगरी ताठ झाली. कान मागे गेले. अंग थरथरू लागले.

सोमिल चाकावरून उठला. "नायक, हा शब्द तुम्ही कुठून घेतलात?"

"कुठून म्हणजे? आमचा रोजचा आहे. कुत्री उतावीळ होतात ना. मग दावं सोडायच्या आधी पाठीवर हात ठेवायचा, उगी उगी म्हणायचं. की लगेच ढोल, आणि दावं सुटलं."

मग उत्पला मटकन खाली बसली. "अगं आई गं! म्हणजे मी रोज हिला शिकारीवर सोडत होते!"

सोमिल दंडकला म्हणाला, "नायक, चूक आमची आहे. आम्ही तिच्याशी तिच्या भीतीच्या भाषेत बोलत होतो. राजा पुन्हा शिकारीला निघेल तेव्हा तुम्ही याच वाटेनं जाल. त्या दिवशी तिनं कुणालाही दात लावला तर तिला न्या, आणि मला राजापुढे उभं करा. चावऱ्या जनावराला आसरा दिला म्हणून जी शिक्षा होईल ती मी घेईन."

"एका कुत्रीपायी?" दंडकने विचारले.

"तिला दुसरं कोण आहे?"

दंडकने दावे खांद्यावर टाकले. "पौर्णिमेला निघणार आहे स्वारी," एवढे बोलून तो गेला.

त्या दिवसापासून सोमिलच्या घरात उगी हा शब्द बंद झाला. उत्पलेच्या जिभेवर तो इतका बसला होता की ती बोलता बोलता दातांखाली जीभ धरी. आळीतल्या आयांनाही तिने ताकीद दिली, त्यामुळे काही दिवस कुंभारआळीतली पोरे दुप्पट रडली. भद्रिक आजोबा म्हणाले, "कुत्री शांत होईल तेव्हा होईल, आळी मात्र बहिरी होणार."

सोमिलने भिंगरीला शांत करण्याचा प्रयत्नच सोडून दिला. पहाटे तो तिला गाढवासोबत नदीकाठच्या खाणीवर नेई. तिथे ती मनसोक्त धावे, आणि गाढव तिच्याकडे अत्यंत तिरस्काराने बघे. घरी आल्यावर सोमिल खड्ड्यात उतरून माती तुडवू लागे, तशी तीही उडी मारून आत उतरे आणि पोटापर्यंत चिखलात नाचे. मडकी फोडणारे पाय आता मडक्यांच्या कामाला लागले होते. माती तुडवून झाली की सोमिल तिचा ढीग करी, वर ओले फडके टाकी आणि कुंभार पिढ्यान्‌पिढ्या मातीला म्हणत आले ते म्हणे, "मुरू दे." मग तो ढिगाशेजारी काही न करता बसून राही. भिंगरीकडे बघत नसे, तिला हात लावत नसे. दमलेली भिंगरी थोड्या अंतरावर अंग टाकी. पुढे अंतर कमी होत गेले.

थापटी तो आता परसात, घरापासून दूर नेऊन वापरी. भिंगरी मुरायला पडली की दोन हलके ठोके, की पुन्हा शांतता. हळूहळू ठोके जवळ आले, मोठे झाले. या सगळ्यात त्याचे कितीतरी काम मागे पडले. बाजारातली त्याची जागा दुसऱ्याने भरली. त्याबद्दल त्याने चकार शब्द काढला नाही. उत्पलेने काढला, पण भिंगरी ऐकत नसताना.

पौर्णिमा आली. सकाळीच लांबून ढोल ऐकू आले. सोमिल दारात उभा राहिला. उत्पला भिंगरीजवळ खाली बसली आणि दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले, की चुकूनही पाठीवर जाऊ नयेत. ढोल जवळ आले. भिंगरी उठली. तिचे कान मागे पडले, अंग कापू लागले. उत्पलेच्या घशात तोच जुना शब्द आला. तिने तो गिळला.

"मुरू दे," ती म्हणाली. तिचाच आवाज कापत होता. "मुरू दे, बाई."

स्वारी दारावरून गेली. ढोल भिंतींवर आदळत होते. भिंगरी कापत राहिली, पण पळाली नाही. तिने एकदा मातीच्या ढिगाकडे पाहिले, एकदा उत्पलेकडे, आणि मग जमिनीवर बसून आपली हनुवटी तिच्या पावलावर ठेवली. उत्पला रडत होती, पण तिने पाय हलवला नाही.

दंडक शिकारी कुत्र्यांना घेऊन स्वारीच्या शेवटी चालला होता. दारासमोर तो थांबला, बघितले, आणि पुढे गेला. तिन्हीसांजेला तो परत आला. त्याच्या मागे एक काळा, लंगडणारा कुत्रा होता. दंडकने नजर चुकवत सोमिलला विचारले, "दादा, हाही ढोलाला भितो. तो तुमचा दुसरा शब्द काय आहे?"

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे बुद्ध झालेल्या त्याच बोधिसत्त्वाने, विहारातल्या एका तरुण भिक्षूच्या निमित्ताने सांगितली. त्याचे नाव चंदिल. ध्यानाला बसले की तो घामाने भिजे आणि उठून पळे. त्याची काळजी घेणारे वडीलधारे भिक्षू, थेर धम्मरुची, दरवेळी मायेने म्हणत, "शांत हो, बाळा, शांत हो." तो आणखीच बिथरे, आणि थेर खिन्न होत.

कथा संपवून शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाची भिंगरी म्हणजे आजचा चंदिल. दंडक म्हणजे आपला द्वारपाल सुबंधू, जो आता दारात आलेल्या कुणाला परत पाठवत नाही. उत्पला म्हणजे थेर धम्मरुची. आणि सोमिल कुंभार मीच होतो."

थेर धम्मरुचींनी हात जोडले. "भंते, मग मी याला काय म्हणू?"

"काही म्हणू नका. उद्या पहाटे दोन घागरी घ्या, आणि त्याच्याबरोबर नदीवर जा."

दुसऱ्याचे मन मुरेपर्यंत त्याच्याशेजारी बसून राहणे, हीच क्षांती. बोधिसत्त्वाने त्या जन्मी ती अशी पूर्ण केली.