उंटकटाऱ्याला आवतण

शिंगणगडच्या रणधवलराजांचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले आणि तुरुंगात गेला बहिरू धनगर! माळावरच्या उंटकटाऱ्याची मुळी उगाळून त्यानं राजांना काविळीचं औषध दिलं होतं. राजे औषध घेत आणि तोंडाचा कडवटपणा जावा म्हणून वर दारूची सुरई रिकामी करत. गुण कुठून येणार? पण दरबाऱ्यांनी दोष औषधालाच दिला. सुरईला दोष देण्याची कोणाची छाती होती!

बहिरूची मुलगी गोजरा दरबारात आली.

"बापाला सोडवायचंय? मग मला बरं कर," राजे म्हणाले. "पण दारू सोडा म्हणालीस, तर तूही आत."

"म्या कशाला म्हणू? खुशाल प्या. फकस्त मुळी काढायच्या आदल्या सांजंला झाडाला हळद-तांदळाचं आवतण द्यावं लागतं. बानं ते सोताच्या नावानं दिलं, तवा गुण त्याला आला. रोग तुमचा, आवतण तुमीच द्या."

राजे डुलत डुलत माळावर गेले. गोजरानं झाडाशी कान नेला.

"न्हाई म्हणतंय. आवतण द्याया आलेल्याच्या तोंडाला वास येतोय म्हणं."

मागचे दरबारी खुसखुसले. राजांना ते फार लागलं. एका काटेरी झुडपानं आपल्याला नाही म्हणावं? दुसऱ्या दिवशी ते थेंबही न घेता गेले. झाड तयार झालं, पण पाहुणा घरी येईपर्यंत यजमानानं शुद्धीत राहावं, असं त्याचं म्हणणं पडलं. शिवाय मुळी रोज ताजी हवी, म्हणजे आवतणही रोजचंच! राजे हट्टाला पेटले होते. महिन्याभरात डोळ्यांचा पिवळेपणा गेला, भूक लागू लागली आणि मग डोकंही चालू लागलं.

"पोरी, तू मला दारू सोडायला लावलीस! अट मोडलीस. शिपाई, धरा हिला."

गोजरा जागची हलली नाही. "सोडायला लावली ती झाडानं, म्हाराज. त्यालाच कैद करा. पर आवतणाबिगर ते यायचं न्हाई. तुमालाच जावं लागंल, आन् तेबी न पिता!"

राजे पोट धरून हसू लागले. तिथल्या तिथे बहिरूच्या बेड्या निघाल्या, आणि तो सगळा माळ राजांनी गोजराला इनाम दिला.