पाव्हणीच्या माळावरचा मरवा

खडजाईच्या टेकडीमागे जो उघडा माळ दिसतो, त्याला पाव्हणीचा माळ म्हणतात. नुसता मुरूम, कुसळही तिथे धड उगवत नाही. पण मधोमध मरव्याची झुडपे आहेत, आणि वारा फिरला की त्यांचा वास पायथ्याच्या वाडीत उतरतो. नवखा माणूस भक्तीच्या भरात झुडपांवर तांब्या ओतायला जातो, तेव्हा म्हातारा गुरव त्याचा हात धरतो आणि म्हणतो, ‘‘दमा जरा. आधी गोष्ट ऐका.’’

फार पूर्वी, असे सांगतात, खडजाई देवीची पूजा येसू गुरवीण करायची. नवरा गेलेला, पोटी लेकरू नाही. तोंडाने फटकळ, पण दाराशी आलेल्याला उपाशी जाऊ द्यायची नाही. एकदा टेकडीखाली एका फौजेचा तळ पडला. त्यातल्या तोफेवरच्या, दर्यापारच्या एका गोलंदाजाने आपली आजारी बायको येसूच्या ओसरीवर आणून बसवली आणि खुणांनी विनवले, मोहिमेवरून येईतो हिला सांभाळा. बाईच्या मांडीवर एक कुंडी होती आणि कुंडीत मरवा. माहेरून, समुद्रापलीकडून, तिने तो जपत आणला होता. तिचे नाव वाडीतल्या कोणाच्या जिभेवर बसेना, म्हणून सगळे तिला पाव्हणीच म्हणू लागले.

पाव्हणी मरव्याची पाने चुरगळून हुंगायची, मगच तिच्या घशाखाली घास उतरायचा. येसूने ते पाहिले आणि देवीला शब्द दिला, ‘‘आई, हिचं म्हायेर ह्या कुंडीत हाय. मी ते वाळू देनार न्हाई.’’

नेमका त्या साली झरा आटला होता. करवंटीने पाणी भरायचे, घराला एक घागर. येसूने त्यातला निम्मा वाटा मरव्याला लावला. ओढ्याकाठची काळी माती आणून घातली, वर शेणखत घातले. माया करायची म्हणजे पोटभर घालायचे, दुसरी रीत तिला ठाऊक नव्हती. मरवा मात्र पिवळा पडू लागला.

पाव्हणी कशीबशी उठून अंगणातला मुरूम मूठभर आणी आणि कुंडीत टाकी. येसू ते खडे वेचून काढी. ‘‘दुखानं डोस्कं फिरलंय बिचारीचं,’’ ती शेजारणीला म्हणाली, ‘‘सोताच्याच झाडावर दगडं टाकतीया.’’ पाव्हणी हातवारे करून काही सांगू बघे, तेव्हा येसू तिला थोपटून निजवी.

होता होता पाने गळाली, बुंध्याशी कुजका वास यायला लागला, एकच फांदी हिरवी उरली. पाव्हणीने ताट बाजूला सारले. येसूच्या काळजाचे पाणी झाले. आपलीच सेवा कमी पडली असे वाटून तिने नवस बोलला, की पालवी फुटेपर्यंत पाणी पिणार नाही. माझ्या वाटणीचा घोटही मरव्याचा.

चैत्रातले ऊन ते. तशातच एका दुपारी भरला तांब्या कुंडीकडे नेताना येसू उंबऱ्यात कोसळली. तांब्या मात्र तिने सांडू दिला नाही म्हणे. जिला धड उभे राहवत नव्हते ती पाव्हणी धावली. तिने येसूचे डोके मांडीवर घेतले आणि तोच तांब्या तिच्या तोंडाला लावला. येसूने कुंडीकडे बोट केले आणि ओठ घट्ट मिटले. तेव्हा पाव्हणी वाडीच्या भाषेतले पहिले शब्द बोलली. येसू तिला घास भरवताना रोज म्हणायची तेच.

‘‘घे गं बाय, घे.’’

येसू प्याली. नवस मोडला. देवीने त्याचा राग धरल्याचे कोणी सांगत नाही.

मग पाव्हणीने ती हिरवी फांदी खुडली, येसूच्या खांद्याचा आधार घेत माळ चढली, फांदी मुरमात खोवली आणि भोवती खडे दाबले. वर चार थेंब शिंपडले. उरलेले पाणी दोघींनी वाटून घेतले. फांदीने जीव धरला, आणि कुंडीत कधी नव्हता असा तिला वास सुटला. आपण इतके दिवस काय वेचून काढत होतो, ते तेव्हा येसूला उमगले आणि ती पाव्हणीच्या गळ्यात पडून रडली.

गोलंदाज परत आला की नाही, यावर वाडीत दोन मते आहेत. पाव्हणी परत गेली नाही, यावर मात्र सगळ्यांचे एकमत आहे.

आजही माळावर जाणारा माणूस वाटेत मूठभर मुरूम उचलतो आणि मरव्याच्या बुंध्याशी ठेवतो. तांब्या भरूनच न्यायचा, अशी रीत आहे. पण तो शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी माणसापुढे धरायचा. बाई असो की बाप्या, म्हणायचे एकच, ‘‘घे गं बाय, घे.’’ आणि समोरच्याने नको म्हणायचे नाही.