दौलतीची ढाल

लोणखेडचे जहागीरदार मानाजीराव आयुष्यात एकाही लढाईला गेले नव्हते, पण बिरुदांची त्यांना भारी हौस. ते सदरेवर आले की म्हातारा चोपदार धोंडजी ललकारी द्यायचा, “रणधीर, सिंहहृदय, दौलतीची ढाल मानाजीराव येत आहेत होऽ!” एक दिवस धोंडजीला खोकल्याची उबळ आली आणि ढाल घशातच राहिली. मानाजीरावांनी त्याला थेट कोठडीत टाकलं.

त्याच दुपारी नातवाच्या बारशाची पंगत बसली. बायकांनी जहागीरदारीणबाईंना, गुणवंताबाईंना, नाव घ्यायचा आग्रह केला.

“घ्या की!” मिशीला पीळ देत मानाजीराव म्हणाले. “पण आमचं एकही बिरुद गाळायचं नाही.”

“जशी आज्ञा,” म्हणत बाईंनी खणखणीत आवाजात उखाणा सुरू केला:

“रणधीर, सिंहहृदय, दौलतीची ढाल,
परवा न्हाणीघरात दिसली पाल...”

बाई थांबल्या. पंगतीतले घास हातातच राहिले.

“पुरे, पुरे!” मानाजीराव घाईघाईनं म्हणाले. “नुसतं नाव घ्या.”

“आणि बिरुदं?”

“गाळा! सगळी गाळा!”

“मग धोंडजीनं तर एकच गाळलं होतं,” बाई म्हणाल्या.

धोंडजी जिलबीला पंगतीत हजर झाला. दुसऱ्या दिवशी सदरेवर त्यानं एवढंच ललकारलं, “मानाजीराव येत आहेत होऽ!”

मानाजीराव आले, पण आधी चारी भिंती नीट बघून.