धरणाचं पाणी

खाडीपाड्याच्या नव्या चाळींत सोलापूर, जौनपूर, जव्हार अशी कुठकुठली माणसं राहायला आली होती. त्यांची मतं आता मूळ गावकऱ्यांच्या बरोबरीला आली होती. नगरसेवक दिनानाथ केणींना ते सलत होतं. निवडणूक महिन्यावर आल्यावर गावाची मतं एकगठ्ठा मिळवायला ते प्लंबर आणि पन्नास पोरं घेऊन चाळींचा नळ तोडायला आले.

"पाणी आधी भूमिपुत्रांना! बाहेरच्यांनी आपापल्या गावाला जाऊन मागावं," ते गरजले. पोरांनी घोषणा दिल्या. चाळीतल्या बायका हंडे घेऊन मागे सरल्या. कोणीतरी दगड उचलला.

तेवढ्यात चाळीतली, धुणीभांडी करणारी भागीबाई निरगुडे नळासमोर आडवी येऊन उभी राहिली.

"मावशी, गाव कुठलं तुमचं?" केणींनी दरडावून विचारलं.

"नांदवळ."

"मग जा नांदवळला."

"कशी जाऊ, भाऊ? ते धरणात बुडालं. त्याच धरणाचं पाणी या नळाला येतं. गावाला जाऊन मी काय मागू? माझं गावच रोज इथं येतं. बाहेरचं नको असेल, तर आधी पाणी परत पाठवा, मग मला."

बघायला जमलेल्या खाडीपाड्याच्या मूळ गावातल्या बायका केणींकडे रोखून पाहू लागल्या. त्यांच्या घरीही तेच पाणी येत होतं.

प्लंबरने पाना पिशवीत टाकला. "मी नाही तोडत, भाऊ."

केणी गाडीत बसले. भागीबाईने नळाखाली हंडा लावला, आणि गावातल्याच एका म्हातारीने पुढे होऊन तो धरला.